बाजूच्या दोन चाकांची निगा



या सदरात आपण श्रवणयंत्राच्या सेलपासून वॉकरच्या पायांतील रबरी टोप्यांपर्यंत अनेक आधारसाधनांविषयी बोललो आहोत. साधन घरात आले म्हणजे काम संपले असे होत नाही. ते चालू स्थितीत राहिले तरच त्याचा आधार, हे सूत्र त्या प्रत्येक लेखात होते. आजचे साधन मात्र घरात नसते. ते अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळावर उभे असते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जादा चाके जोडलेली स्कूटर! कुणी तिला ‘साइड व्हीलची गाडी’ म्हणतात, कुणी ‘तीनचाकी’. वास्तविक ती चार चाकांवर उभी असते, पण लोकांच्या तोंडी तीनचाकी हेच नाव रुळले आहे.

डॉक्टरने स्कूटरच्या नट-बोल्टविषयी का लिहावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याच्या पायांत बळ नाही त्याच्यासाठी ही गाडी म्हणजेच पाय होत. त्या पायांवर तो बँकेत जातो, भाजी आणतो, फिजिओथेरपीला येतो, देवळाच्या पायरीशी जाऊन बसतो. गाडी पंधरा दिवस बंद राहिली की माणूस पंधरा दिवस घरात बसतो. आणि उतारवयात पंधरा दिवसांची बैठक स्नायूंना, पोटाला व मनाला किती महागात पडते, हे मी दवाखान्यात नेहमी पाहतो. म्हणून या गाडीची निगा हा मला आरोग्याचाच विषय वाटतो.

ही गाडी कोण चालवते?

आपल्याकडे अशा गाड्या चालवणाऱ्यांत बालपणी पोलिओ झालेल्यांची संख्या मोठी आहे. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. आजार गेला, परंतु त्याआधी ज्यांचे पाय त्याने दुर्बल केले, ती पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. गिअर नसलेली आणि बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा १९८४ च्या सुमारास आली, तेव्हा यांपैकी अनेकांनी तिला बाजूची चाके लावून घेतली. पुढे ॲक्टिव्हासारख्या स्कूटरींनी तिची जागा घेतली. अपघातात पाय गमावलेले, अर्धांगवायूतून सावरलेले आणि अलीकडे केवळ तोल सांभाळता येत नाही म्हणून चाके बसवून घेणारे ज्येष्ठ यांचीही त्यांत भर पडली आहे.

यातील एक वैद्यकीय बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पोलिओ होऊन साधारण १५ ते ४० वर्षे लोटल्यावर काहींना नव्याने अशक्तपणा, लवकर येणारा थकवा, स्नायू व सांध्यांतील वेदना जाणवू लागतात. यास पोलिओपश्चात विकार म्हणतात. आजवर सहज ओढला जाणारा ब्रेक जड वाटू लागणे, गाडी स्टँडवरून उतरवताना दम लागणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. उलटपक्षी तीच लक्षणे गंजलेल्या ब्रेक केबलमुळेही उद्भवतात! दोष शरीरात आहे की गाडीत, हे ठरवण्यासाठी दोघांचीही तपासणी व्हावी लागते.

गाडीची जुळणी समजून घ्या

मूळ स्कूटर कंपनीची असते. बाजूच्या चाकांची जोडणी मात्र बहुधा एखाद्या स्थानिक कारागिराने किंवा लहान कारखान्याने केलेली असते. लोखंडी सांगाडा स्कूटरच्या खालच्या भागाला बोल्टने आवळलेला, त्याच्या दोन टोकांना दोन चाके. चांगल्या जोडणीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर. काही कारागीर मूळचे मागचे चाक काढून दोन चाकांचा एकच आस बसवतात. मोटारसायकलवर ही पद्धत अधिक दिसते. त्या रचनेत आस, साखळी आणि डिफरन्शियल हे भाग वाढतात व निगाही तितकीच वाढते. आपल्याकडील कौटुंबिक गाड्या मुख्यतः पहिल्या प्रकारच्या असल्याने मी तिच्याविषयीच लिहितो.

या गाडीत इंजिनाची शक्ती मधल्या चाकाला मिळते, आणि बहुतेक जोडण्यांत मागचा ब्रेकही त्या एकाच चाकावर असतो. बाजूची चाके तोल धरतात. ती गाडी ओढत नाहीत आणि थांबवतही नाहीत. त्यामुळे मधल्या चाकावर पुरेसे वजन राहणे अत्यावश्यक असते. सांगाडा चुकीच्या उंचीवर बसला असेल, किंवा रस्त्याच्या खोलगट भागात दोन्ही बाजूंची चाके कडांवर चढली, तर मधले चाक हलके होते. मग ते जागच्या जागी फिरते आणि ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते. पावसाळ्यात हे विशेष धोक्याचे. मागचे चाक ‘फिरते पण ओढत नाही’ अशी तक्रार असेल, तर इंजिनाकडे वळण्याआधी कारागिराकडून सांगाड्याची उंची तपासून घ्यावी.

दुसरी गोष्ट वळणाची. दुचाकी वळताना आत झुकते. ही गाडी झुकू शकत नाही. वेगात वळवल्यास ती बाहेरच्या बाजूस कलंडू पाहते. वेग वळणावर शिरण्याआधीच कमी करावा. पिशव्यांचे ओझे एकाच बाजूच्या आकड्याला न टांगता मधोमध, पायापाशी ठेवावे. मात्र पाय ठेवण्याची जागा त्यामुळे अडता कामा नये.

दुखणे कमरेचे, कारण टायरचे

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. बालपणीच्या पोलिओमुळे त्यांचा डावा पाय अधू आहे. कमरेच्या उजव्या बाजूला दोन महिने सतत दुखत होते. क्ष-किरण चित्रात वयोमानानुसार झिजेखेरीज काही नव्हते. वेदनाशामक गोळीने दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. बोलता बोलता त्यांना विचारले, “गुरुजी, गाडीवर बसल्यावर आपण सरळ बसता की एका अंगावर?”

ते थोडे थांबून म्हणाले, “डॉक्टर, आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. गाडी हल्ली डावीकडे जरा बसल्यासारखी वाटते. मीच उजवीकडे रेलून तोल धरतो.”

गाडी दवाखान्याच्या दारातच होती. बाहेर जाऊन पाहिले. डाव्या चाकाच्या टायरमध्ये हवा निम्मीही नसावी, आणि त्याच बाजूची स्प्रिंगही खचलेली होती. रोज तास-दीड तास ते शरीर तिरपे धरून बसत होते. हवा भरली, स्प्रिंगची जोडी बदलली, काही दिवस शेक आणि व्यायाम दिले. तीन आठवड्यांत दुखणे बहुतांशी ओसरले. स्प्रिंग एकाच बाजूची खचली असली तरी जोडी बदलावी, हा त्यांच्या मिस्त्रीचा सल्ला योग्य होता. एक नवी आणि एक जुनी लावली तर गाडी पुन्हा कलते.

तेव्हापासून अशा गाडीवरून येणाऱ्या प्रत्येकाला मी काही ठरावीक प्रश्न विचारतो. तेच आपणही घरी विचारून पाहावेत.

खांदे आणि मान दुखते काय? हँडल जड झाले असेल, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल किंवा हँडलचे बेअरिंग झिजले असेल. तळहातांना मुंग्या येतात काय? मधुमेह व मनगटातील दबलेली नस यांचा विचार आम्ही करूच. परंतु सैल सांगाड्याची थरथरही हातांपर्यंत पोहोचते. खड्ड्यात आदळल्यावर पाठीत एकाएकी तीव्र कळ आली काय? हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांत, विशेषतः स्त्रियांत, अशा एका आदळण्यानेही मणका दबू शकतो. ती कळ अंगावर काढू नये. ज्या जोडणीत स्प्रिंगच नाही, ती अशांसाठी योग्य नव्हे.

पायांना संवेदना नसलेल्यांनी दोन गोष्टी रोज पाहाव्यात. सायलेन्सरच्या बाजूच्या पोटरीवर भाजल्याची खूण नाही ना, आणि बैठकीच्या जागी त्वचा लाल झालेली नाही ना. चटका लागला तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळल्यावरच लक्ष जाते. सायलेन्सरवरील संरक्षक पत्रा सैल किंवा गायब असेल, तर तो त्याच दिवशी बसवावा. दुर्बल पाय पायठेवणीवरून घसरून रस्त्यावर घासला जाऊ नये म्हणून तिच्या कडेला उभी पट्टी लावून घेता येते. पाय दोरीने बांधून ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे, कारण गाडी कलंडल्यास माणूस तिच्याखाली अडकतो.

निगेचे वेळापत्रक

औषधांचे वेळापत्रक आपण शीतकपाटावर चिकटवतो, तसेच गाडीचेही असावे. गाडी चालवणाऱ्यास खाली वाकणे जमत नसेल, तर हे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे. त्यास दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

रोज निघण्यापूर्वी सर्व चाकांकडे एक नजर टाकावी, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, गाडीखाली तेलाचा थेंब दिसतो का ते पाहावे.

आठवड्यातून एकदा हवा तपासावी. ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी फार न फिरवता, मोजावी. स्कूटरच्या चाकांसाठी कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा आणि बाजूच्या चाकांसाठी जोडणी करणाऱ्याने सांगितलेला आकडा लिहून ठेवावा. बाजूच्या दोन्ही चाकांतील हवा सारखीच हवी.

महिन्यातून एकदा बाजूचे प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवावे. खटखट जाणवली, तर बेअरिंग किंवा बुश झिजला आहे, किंवा बोल्ट सैल आहे. चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवल्यास खरखर ऐकू येणे हेही बेअरिंग संपत आल्याचे लक्षण. वेल्डिंगच्या सांध्यांवर कापडाने पुसून उजेडात पाहावे. रंगाला पडलेली केसासारखी भेग आणि तिच्यातून ओघळलेली गंजाची तांबडी रेघ दिसली, तर ती गाडी त्याच दिवशी उभी करावी. तो सांधा आज ना उद्या सुटणार असतो.

बोल्ट सैल होत आहेत की नाही हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मिस्त्रीने बोल्ट आवळल्यावर नटवरून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ज्यांची नजर अधू आहे त्यांनाही पांढरी किंवा पिवळी रेघ ओळखता येते.

दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळा संपल्यावर अवश्य, गाडी कारागिराकडे न्यावी. बाजूच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी व चिखल शिरून ग्रीस धुतले जाते. सांगाड्याच्या वजनामुळे मागचे ब्रेक लायनर आणि इंजिनाचा पट्टा साध्या स्कूटरपेक्षा लवकर झिजतात. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटरची वाट न पाहता ते आधीच उघडून पाहण्यास सांगावे. कंपनीच्या सेवाकेंद्रात मूळ स्कूटरची सर्व्हिसिंग होते, पण बाजूच्या सांगाड्याला तिथे सहसा हात लावत नाहीत. दोन्हीकडे आपण स्वतः सांगितल्यावाचून कुणी दुसऱ्याचे काम करणार नाही, हे गृहीत धरावे.

सुटे भाग : आधी वही, मग बाजार

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्कूटरच्या मूळ भागांना कंपनीचा क्रमांक असतो. दुकानदार तो पाहून वस्तू देतो. बाजूच्या चाकांच्या जोडणीमागे मात्र असे काही नसते. तिचा आराखडा एका कारागिराच्या डोक्यात असतो. तो गाव सोडून गेला, थकला किंवा निवर्तला, की आराखडाही त्याच्याबरोबर जातो.

शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका ताईंच्या बाबतीत हेच घडले. बाजूच्या चाकाचे बेअरिंग फुटले आणि ज्याने चाके बसवली होती त्याची शेड बंद झालेली. मुलगा चार दुकाने फिरला. “गाडी आणा” हे एकच उत्तर. गाडी तर जागची हलत नव्हती. ताई जवळजवळ तीन आठवडे घरात होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी आणल्या गेल्या नाहीत, आणि त्या रिक्षाने माझ्याकडे आल्या तेव्हा रक्तदाब बराच वाढलेला होता. मुलाला म्हटले, “बाळ, तुटलेलं बेअरिंग पुसून त्याच्या कडेवरचा आकडा वाच.” आकडा होता ६२०२. त्या आकड्यावर बेअरिंगच्या दुकानात तासाभरात नवी जोडी मिळाली.

बेअरिंगवरील हा आकडा कुणा कारागिराचा नसतो. तो जगभर एकच असतो. ६२०२ म्हणजे आतील व्यास १५ मिलिमीटर, बाहेरील ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर. ६२०३ असेल तर हीच मापे १७, ४० आणि १२ होतात. कंपनी कोणतीही असो, त्या आकड्याचे बेअरिंग त्या जागी बसते. आकड्यापुढे ‘टू-आरएस’ अशी अक्षरे असतील तर दोन्ही बाजूंना रबराचे सील आहे असे समजावे. चिखलपाण्यात फिरणाऱ्या चाकांना तेच चांगले.

म्हणून आपल्या गाडीची एक वही करा. रुग्णाची फाइल असते तशीच. तिच्यात पुढील नोंदी असाव्यात : बाजूच्या चाकांच्या बेअरिंगचा आकडा, टायर आणि ट्यूबचे माप (टायरच्या अंगावर ते लिहिलेले असते, ९०/१००-१० याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीइतकीच आणि रिम १० इंची), स्प्रिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बरची लांबी व तो मूळ कोणत्या गाडीचा आहे ते, रबरी बुशचे आतील-बाहेरील माप, आसाची जाडी, प्रत्येक बोल्टची लांबी व जाडी, आणि कोणता भाग कोणत्या तारखेस बदलला ते. जोडणी करणारा अजून हयात व कामात आहे तोवर त्याच्याकडे जाऊन हे सारे लिहून घ्यावे. चारही बाजूंनी छायाचित्रे काढून वहीत चिकटवावीत. वेळ आली तर कोणताही चांगला फॅब्रिकेटर त्या वहीवरून सांगाडा पुन्हा घडवू शकेल.

टायर घेताना त्याच्यावरील चार अंकी आकडाही वाचावा. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या कमी फिरतात, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते. पण उन्हात उभे राहून रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. वृद्धांच्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी जुने होतात.

बंद झालेल्या जुन्या स्कूटरींच्या भागांसाठी मोठ्या शहरांतील सुट्या भागांच्या पेठा उपयोगी पडतात. पुण्यातील नाना पेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. परगावच्या वाचकांनी वहीतील मापे व छायाचित्र फोनवर पाठवून आधी खात्री करावी. जुन्या बाजारातून आरसा, पत्रा, बैठक अशा वस्तू खुशाल घ्याव्यात. बेअरिंग, आस, ब्रेकचे भाग, टायर आणि भार पेलणारे बोल्ट मात्र नवेच घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल तर तो अधिक ताकदीचा बोल्ट होय. त्याच्या जागी घाईत साधा बोल्ट बसवू देऊ नये. नायलॉनची कडी असलेला नट एकदा उघडला की नवा घ्यावा, त्याची पकड पूर्वीसारखी राहत नाही.

वेल्डिंगविषयी एक कळकळीची सूचना. सांगाडा तडकला तर तो गाडीपासून पूर्ण सुटा करूनच वेल्डिंग करावे. पेट्रोलची टाकी जवळ असताना ठिणगी उडवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. आणि केवळ भेगेवर थर चढवून भागत नाही. भेग का पडली, हे कारागिराने सांगितले पाहिजे.

घरी एक ट्यूब, बेअरिंगची एक जोडी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, स्पार्क प्लग आणि मापाचा पाना एवढे डब्यात ठेवले, तर मिस्त्री घरी येऊनही काम करू शकतो.

रस्त्यात गाडी बंद पडली तर

निरोगी माणसाला हा मनस्ताप असतो. आपल्या माणसासाठी तो आजार ठरू शकतो. उन्हात ताटकळत बसणे, जेवणाची वेळ टळणे, स्वच्छतागृहापर्यंत जाता न येणे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डिकीत साखर किंवा ग्लुकोजची पूड अवश्य ठेवावी. पाण्याची बाटली, दुपारची औषधे, टोपी, आणि एका जाड कार्डावर आपले आजार, औषधे, घरचा व मिस्त्रीचा क्रमांक ठेवावा. कुबड्या गाडीवर घट्ट बसतील अशी जागा करून घ्यावी. मदतीला येणारे चार जण गाडी ढकलताना सांगाड्याऐवजी बाजूचे चाक धरून उचलू लागतात, म्हणून कुठे धरायचे ते आपणच सांगावे.

कागदपत्रे आणि डॉक्टरांचे मत

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही. परवानगीने केलेला बदल १४ दिवसांच्या आत आरटीओ कार्यालयास कळवून नोंदवून घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी बदललेल्या वाहनास ‘अनुकूलित वाहन’ अशी स्वतंत्र ओळख दिली असून परवान्यातही तो प्रकार आहे. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यावर वाद उद्भवू शकतो, म्हणून विमा कंपनीसही लेखी कळवावे. सवलतींची चौकशी त्याच खेपेत आरटीओत करून घ्यावी.

चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतो. ते प्रमाणपत्र देणे हे माझ्यासारख्या डॉक्टरांचे काम. काही जण म्हणतात, “नुसती सही करा, डॉक्टर, आता तर चाके लावली आहेत.” त्यांना माझे उत्तर असे की, चाके फक्त तोल देतात. मोतीबिंदूने धूसर झालेली नजर, वारंवार उतरणारी साखर, फिट येण्याचा आजार, झोप आणणारी औषधे, किंवा ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे यांवर बाजूची चाके उपाय नाहीत. पार्किन्सनच्या किंवा अर्धांगवायूच्या रुग्णाने गाडीला चाके लावण्याचा खर्च करण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोलावे.

सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना एक विनंती. गाडीवर नवे ओरखडे दिसले, तर आल्या आल्या किल्ली काढून घेऊ नका. आधी हवा, ब्रेक आणि बोल्ट तपासा, मग डोळे आणि साखर तपासा. पुष्कळदा दोष गाडीत सापडतो आणि तो दूर होतो. दोष शरीरात असेल आणि गाडी थांबवावीच लागणार असेल, तर तेही त्या व्यक्तीला विश्वासात घेऊन सांगावे. आणि त्याच दिवशी पर्याय ठरवावा. दवाखान्यात कोण नेणार, बाजार कोण आणणार, संध्याकाळी मित्रांकडे कोण सोडणार, हे ठरल्यावाचून किल्ली काढून घेतली, तर आपण त्या माणसाला घरात कोंडून ठेवल्यासारखे होते.

येत्या रविवारी एक काम करावे. सकाळच्या उजेडात गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावी. ती एका अंगावर कललेली नाही ना, याची खात्री करावी. मग वही उघडून पहिल्या पानावर टायरचे माप आणि हवेचा आकडा लिहावा. बेअरिंगचा आकडा मिस्त्री पुढच्या वेळी चाक उघडेल तेव्हा लिहून घ्यावा, आणि वही डिकीत नव्हे, घरातल्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवावी.